कवटीतल्या पोकळ्या आणि माणसांचे गट

सर्दी झाली की आपले कपाळ आणि गाल जड होतात. चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना आपण सायनस म्हणतो. गालाच्या हाडामागील पोकळीचे चित्र लिओनार्दो दा विंचीने १४८९ मध्ये काढले. त्यासाठी त्याला कवटी कापावी लागली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाच्या कवटीत डोकावता येऊ लागले. असे दिसले की या पोकळ्यांची ठेवण माणसागणिक बदलते, अगदी जुळ्या भावंडांतही.

त्या काळी कवट्या मोजून मानवगटांची उतरंड लावणारे शास्त्रज्ञही होते. बर्लिनचे ऑयगेन फिशर यांचा तर्क असा, की युरोपीयांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जास्त फरक असतो आणि तो श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. हे तपासण्याचे काम त्यांच्या विद्यार्थिनीकडे, आपल्या इरावती कर्वे यांच्याकडे आले. १९३० च्या सुमारास त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. गटागटांत तसा फरक आढळला नाही, आणि मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध असूनही त्यांनी तसेच लिहिले.

१९७१ मध्ये इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला. पुढे नाकातून दुर्बीण घालून सायनसची शस्त्रक्रिया होऊ लागली, तेव्हा गटांच्या तुलनेला वेगळेच कारण मिळाले. काहींच्या नाकामागे ‘ओनोडीचा कप्पा’ नावाची एक जादा पोकळी असते. डोळ्याची नस तिला खेटून जाते. शल्यविशारदाला ती ठाऊक नसली, तर रुग्णाची दृष्टी जाऊ शकते. मग ती कोणत्या देशात किती जणांत आढळते, हे मोजणे आलेच.

काही अभ्यासांत हे प्रमाण शंभरात आठ-दहा निघाले, तर आशियातील काही अभ्यासांत निम्म्याहून अधिक. पण हा सगळा फरक वंशाचा मानायचा का? कोणी शवविच्छेदन केले, कोणी स्कॅन पाहिले. जादा कप्पा कशाला म्हणायचे, याची व्याख्याही सर्वांची एक नव्हती. मोजपट्टी बदलली की आकडाही बदलतो.

सरासरी सावध करते. निर्णय मात्र समोरच्या रुग्णाचा स्कॅन पाहूनच घ्यावा लागतो. वर्गाची सरासरी उंची कळली, म्हणून आपण एकाही मुलाचा गणवेश शिवू शकत नाही. वर्गात हे मोजून पाहावे, असे आम्ही सुचवतो.