खपलीपासून वागणुकीपर्यंत

 शब्दार्थाच्या इतिहासाच्या अभ्यासात शिरायला मोठी तत्त्वचर्चा लागत नाही. एखादा रोजच्या वापरातला शब्दही पुरतो. इथे इंग्रजीतला ‘शॅबी’ घेऊ.

मळक्या, विटक्या, झिजलेल्या कपड्यांना, कळकट घरांना आणि तशा अवतारातल्या माणसांना हा शब्द लावतात. त्याचे मूळ मात्र कापडात नसून कातडीत आहे. जुन्या इंग्रजीतल्या, खरूज किंवा खपली या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला. ‘स्कॅब’ हा त्याचाच नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेच्या, वळणाचा भाऊबंद. शर्ट आणि स्कर्ट ही जोडीही अशीच: इंग्रजीने मूळच्या ‘स्क’चा ‘श’ केला, नॉर्सने ‘स्क’ राखला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘शॅबी’ कपड्यांसाठी वापरात आलेला दिसतो. पुढे तो वागणुकीलाही चिकटला. आश्रिताला गरज सरताच वाऱ्यावर सोडणारा मनुष्य नव्याकोऱ्या कोटातही ‘शॅबी’ वागतो.

अठराव्या शतकात ‘शॅबी-जेन्टील’ हा जोडशब्द रुळला: परिस्थिती खालावलेली, पण पांढरपेशेपण सुटत नाही असा माणूस. डिकन्सने १८३०च्या दशकात अशा लंडनकरांवर लेख लिहिला. त्यातला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसणारा गृहस्थ एकदा अचानक काळ्याभोर कपड्यांत दिसतो. विटक्या कापडाला तात्पुरती काळी झळाळी देणाऱ्या ‘रिव्हायव्हर’ नावाच्या द्रवाची ती किमया असते. लवकरच गुडघे, कोपरे आणि शिवणी पुन्हा पांढऱ्या पडू लागतात. ‘जीर्ण’ एवढ्या प्रतिशब्दात ही धडपड मावत नाही.

उलट, विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शॅबी शिक’ या नावाने रंग उडालेले फर्निचर हौसेने घरात आले. झीज तीच, पण ती परवडणाऱ्याच्या घरात शोभा ठरली. हा शब्द वस्तूचे वर्णन करता करता माणसाची पायरीही ठरवतो, हे अशा वापरातूनच कळते.

म्हणूनच ऑक्सफर्ड कोशासाठी असंख्य हौशी वाचकांनी पुस्तकांतली वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली. ते काम तुम्हालाही करता येईल. एखादा शब्द निवडा, त्याची वाक्ये जमवा आणि प्रत्येक वाक्याला विचारा: हे कोण म्हणतो, कोणाला म्हणतो आणि त्याने त्या माणसाची किंमत वाढते की उतरते?