होळकरांच्या कंपूतला आयरिश

1802 सालच्या ऐन दिवाळीत पुण्याबाहेर हडपसरला मराठे मराठ्यांशी लढले. दोन्ही बाजूंच्या कवायती पलटणींना हुकूम सोडणारे साहेब सातासमुद्रापलीकडून पोटामागे आलेले होते. महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवताना हा धडा मी एका तासिकेत उरकायचे. पुस्तकात त्याला जागाच तेवढी होती: यशवंतराव जिंकला, बाजीराव पळाला, वसईचा तह झाला. पण वरळीच्या बीडीडी चाळीत, 160 चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्या बाईला या लढाईत जवळचे वाटतात ते ना बाजीराव, ना यशवंतराव. जवळचे वाटतात ते पगारी साहेब.

भांडण घरातलंच होतं. एप्रिल 1801 मध्ये बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याचा भाऊ यशवंतराव दीड वर्षाने फौज घेऊन पुण्यावर आला. पेशव्याच्या पाठीशी दौलतराव शिंद्यांच्या पलटणी होत्या. 25 ऑक्टोबरला गाठ पडली. शिंद्यांकडचा कॅप्टन डॉस त्या दिवशी मारला गेला, होळकरांकडचा हार्डिंगही पडला. दोघांचं आपसात काय वैर होतं? काही नाही. बाजीराव सिंहगड, रायगड करत महाडला उतरला, तिथून सुवर्णदुर्ग-हर्णैकडे आणि शेवटी इंग्रजांच्या जहाजातून वसईला. आमचं गाव महाड तालुक्यातलं. पेशवा आमच्या बाजूने पळाला याचं माझ्या आजोबांना भारी कौतुक होतं, दोन्ही अर्थांनी.

या साहेबांमध्ये मला सापडलेला सगळ्यात चटका लावणारा माणूस म्हणजे विल्यम हेन्री टोन. डब्लिनचा, घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिराचा मुलगा, जन्म 1764 चा. सोळाव्या वर्षी घरातून पळून ईस्ट इंडिया कंपनीत शिपाई झाला, काही वर्षं सेंट हेलेना बेटावर काढली, घरी परतला, आणि 1792 मध्ये पुन्हा हिंदुस्थानात आला. मग कंपनी सोडून मराठ्यांच्या चाकरीत शिरला. पेशव्यांच्या पायदळाची एक तुकडी त्याच्या हाताखाली होती. मराठ्यांच्या राज्यकारभारावर आणि फौजेवर त्याने एक दीर्घ पत्र लिहिलं, ते अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत छापलं गेलं. एकेक सरदार आपापल्या जागी स्वतंत्र, पेशव्याला मान देणारा पण त्याच्या मुठीत नसणारा, हे त्याने नीट हेरलं होतं. घरात फूट पडली तर हे राज्य कुठून तडकेल हे परक्याला दिसत होतं. घरच्यांना दिसत नव्हतं म्हणायचं, की बघायचं नव्हतं?

आता त्याच्या घरी काय चाललं होतं ते बघा. थोरला भाऊ थिओबाल्ड वुल्फ टोन हा आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा मोठा पुढारी. इंग्रजांना हुसकायला फ्रेंच आरमार घेऊन निघालेला. 1798 मध्ये पकडला गेला, फाशीची शिक्षा झाली, आणि फाशी टाळायला तुरुंगातच त्याने गळा चिरून घेतला. दुसऱ्या भावाला, मॅथ्यूला, त्याच साली डब्लिनमध्ये फासावर चढवलं. विल्यम तेव्हा इकडे मराठ्यांच्या छावणीत पगार घेत होता. पुढे तो होळकरांकडे गेला आणि 1802 मध्येच नर्मदेकाठी चोळी-महेश्वराजवळ लढताना मारला गेला. म्हणजे भावांनी आपल्या देशासाठी जीव दिला, आणि याने होळकरांसाठी. चाळीतल्या कुठल्याही घरात अशी भावंडं निघतात: एक युनियनमध्ये, एक पोलिसात.

जॉर्ज टॉमसचं प्रकरण वेगळं. तो टिपेररीचा, खलाशी. 1781 च्या सुमारास मद्रासला जहाजावरून उतरला तो परत चढलाच नाही. आधी दक्षिणेत, मग दिल्लीकडे बेगम समरूकडे, मग शिंद्यांचा सुभेदार आप्पा खंडेराव याच्याकडे. आप्पाच्या मरणानंतर त्याने हरियाणात हांसीला स्वतःचंच संस्थान मांडलं: तोफा ओतल्या, रुपया पाडला. लोक त्याला जहाजी साहेब म्हणत. त्याची मला आवडणारी गोष्ट अशी की जखमी शिपायांना आणि मेलेल्यांच्या बायकांना तो तनखा द्यायचा. जहागीरदारांच्या फौजांत थकलेला रोजमुरा मिळावा म्हणून शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत, अशा काळातली ही गोष्ट. शेवटी शिंद्यांच्याच पलटणींनी त्याला घेरलं. बाटलीने आधीच त्याचा घास घेतला होता. 1802 च्या सुरुवातीला त्याने हांसी सोडली आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या वाटेवर बेहरामपूरला मेला. आठवणी सांगायच्या वेळी तो म्हणाला, फारसीत सांगतो, इंग्रजीपेक्षा ती मला सोपी जाते.

माणसं इतक्या लांब का येतात, हे मला कुणी शिकवायला नको. आमची चाळ गव्हर्नर लॉईड साहेबाच्या काळात, 1920 नंतर बांधली गेली. वरळीत 121 इमारती, एकेकीत ऐंशी खोल्या. आजोबा गिरणीत लागले तेव्हा गावकीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. पगारातला मोठा वाटा मनीऑर्डरने महाडला जायचा. तिकडे आयर्लंडमध्ये कॅथलिक माणसाला 1829 पर्यंत पार्लमेंटात बसता येत नव्हतं. जमीन जमीनदाराची, पोटाला बटाटा. अशा देशातून निघालेल्या पोरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीच्या गोऱ्या शिपायांत निम्म्याच्या जवळपास जागा भरल्या. पुढे दुष्काळातून पळालेली लाखो माणसं अमेरिकेत उतरली आणि 1861 मध्ये तिथल्या यादवीत सापडली. दीड लाखाच्या आसपास आयरिश उत्तरेकडून लढले. काही दक्षिणेकडूनही लढले. डिसेंबर 1862 मध्ये फ्रेडरिक्सबर्गला दगडी भिंतीआडून गोळ्या झाडणाऱ्यांत आयरिश होते, आणि त्या भिंतीवर चालून जाणारी ब्रिगेडही आयरिशच. हडपसरचाच नमुना, माणसं कित्येक पटींनी जास्त.

आणि वरळी? 5 जानेवारी 1974 ला आमच्याकडे दलित पँथरची सभा झाली. तिथून जे पेटलं ते एप्रिलपर्यंत धुमसत राहिलं. मी तेव्हा शाळेत होते. दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, रात्री गच्चीवर पहारा. पाच दिवसांनी परळला मोर्चात पँथरचे भागवत जाधव मारले गेले. आमची इमारत बौद्धांची, पलीकडची मराठ्यांची. पलीकडच्या किती घरांचं गाव महाड, खेड, पोलादपूर! गणपतीला एकाच एसटीत चढणारी माणसं ही. मुंबईत आलो ते भाकरीसाठी, आणि मुंबईच्या भांडणात एकमेकांची डोकी फोडली. न्यायमूर्ती भस्मे आयोगाने पुढे चौकशी केली, अहवाल आला. आमच्या आईने त्यातलं अक्षरही वाचलं नाही. तिने फक्त एवढंच केलं की पलीकडच्या इमारतीतल्या बाईला नळावर रांगेत आपल्या पुढे घेणं कधी सोडलं नाही.

मी टोनबद्दल बोलते ते एका कारणासाठी. दर 1 जानेवारीला आमच्या लोकांना एक प्रश्न विचारला जातो: कोरेगावला तुमचे महार पेशव्याविरुद्ध कंपनीकडून का लढले? टीव्हीवर विचारतात, ऑफिसात विचारतात, माझ्याच शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारला गेला. टोनला हा प्रश्न कुणी विचारत नाही. भाऊ इंग्रजांशी लढून मेला आणि हा आधी इंग्रजांचा, मग पेशव्याचा, मग होळकराचा शिपाई. त्याला आपण साहसी म्हणतो. ज्या राज्यात ज्याला वेशीबाहेर उभं केलं, त्याने त्या राज्याविरुद्ध बंदूक धरली तर मात्र निष्ठेची उलटतपासणी! टोनने पत्रात सरदारांचा हिशेब मांडला. गावकुसाबाहेरच्या शिपायाने लिहिलेलं असं पत्र असतं तर बरं झालं असतं, एवढंच मी स्टाफरूममध्ये म्हणाले.

या पगारी साहेबांची खरी परीक्षा मात्र पुढे झाली. 31 डिसेंबर 1802 ला वसईचा तह झाला. कंपनीच्या बाजूने तो करणारा रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज आयरिशच. मे 1803 मध्ये बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवणारा आर्थर वेलस्ली जन्माने डब्लिनचा, आणि गव्हर्नर जनरल असलेला त्याचा थोरला भाऊही आयरिश मातीतलाच. घोडागाड्या बांधणाऱ्याच्या पोराने ज्या चुलीवर हात शेकले त्याच चुलीवर या उमरावांनी राज्य शिजवलं. ऑगस्टमध्ये शिंदे-भोसल्यांशी युद्ध लागलं तेव्हा कंपनीने जाहीर केलं की मराठ्यांच्या नोकरीतल्या इंग्लंडच्या प्रजेने ती सोडावी, तनखा मिळेल. शिंद्यांकडचे बरेच जण उठून गेले. होळकरांकडे व्हिकर्स होता. हडपसरला यशवंतरावाच्या काही कवायती पलटणी याच व्हिकर्सच्या हुकुमाखाली लढल्या होत्या. 1804 मध्ये यशवंतराव कंपनीशी लढायला निघाला तेव्हा व्हिकर्स, टॉड आणि रायन या तिघांनी आपल्या लोकांवर हत्यार उचलायला नकार दिला. यशवंतरावाने तिघांची डोकी उडवली.

या शिक्षेबद्दल माझं मत दोन्हीकडे झुकतं. दुसऱ्याच्या भाऊबंदकीत लढायला हे तयार होते, स्वतःच्या नव्हे. पण यशवंतराव तरी त्यांना कशासाठी पोसत होता? वर्गात हे सांगितलं की एखादं पोर विचारायचंच, बाई, मग रायन कुणाचा? नावावरून आयरिश वाटतो, एवढंच मी सांगू शकायचे. मागच्या बाकावरून उत्तर यायचं, पगार देईल त्याचा. त्यावर वर्ग हसायचा. ज्यांचे वडील संपानंतर गिरणीच्या गेटवर हिशेबासाठी चकरा मारत होते, ती मुलं हसायची नाहीत.

डिसेंबर 1805 मध्ये होळकरांनी कंपनीशी राजघाटचा तह केला. त्यातल्या एका कलमाने यशवंतरावाला बांधून घेतलं: कंपनीच्या परवानगीवाचून कुठल्याही युरोपियनाला नोकरीत ठेवायचं नाही. त्यानंतर डब्लिन-टिपेररीच्या पोराला हिंदुस्थानात बंदूक धरून पोट भरायचं तर मुख्यतः एकच दार उरलं, कंपनीचं. ते उघडंच होतं.