झाशीचे हस्तलिखित आणि न्यूपोर्टची तबकडी

झाशीस बदलून आलेला मराठी अधिकारी पहिल्या सुटीस किल्ला पाहून येतो आणि मग बहुधा विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ पुन्हा एकदा काढून वाचतो. वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाले, बंडाच्या वावटळीत सापडले आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोजने झाशीस वेढा घातला तेव्हा शहरातच होते. तोफांचा मारा आणि शहर पडल्यावरची कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणीचे दर्शनही घडले. गंगाधररावांच्या नाटकाच्या नादाविषयी त्यांनी लिहिले ते मात्र ऐकीव, कारण गंगाधरराव १८५३ सालीच निवर्तले होते. तरीही ज्या रंगशाळेचे पडदे केव्हाच विरून गेले, तिची एवढी तरी चाहूल आपणांस या भटजींमुळे लागते.

परंतु आपण वाचतो तो ‘माझा प्रवास’ कोणता? गोडशांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून तो १८८३ च्या सुमारास लिहिला आणि वैद्यांनी १९०७ साली तो प्रसिद्ध केला. अमदानी इंग्रजांची, विषय सत्तावनचा. शिवाय भाषा जुन्या वळणाची. वैद्यांनी मजकुरात फेरफार केले, भाषा घोटून काढली. पुढे जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने ही शुद्ध केलेली प्रतच गोडशांचा शब्द म्हणून वाचली. सुदैव असे की, वैद्यांनी मूळ हस्तलिखित नष्ट केले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले, आणि १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता छापून काढली.

नेमका असाच प्रसंग संगीताच्या इतिहासात एका तबकडीवर ओढवला आहे. तिची हकीकत दूरदेशीची आहे खरी. परंतु साक्षीपुराव्याचा विचार करणाऱ्यास ती आपल्या घरचीच वाटेल.

अमेरिकेतील जॅझ संगीतात पंधरा-सोळा वादकांचा जो मोठा मेळ असतो, त्यास बिग बँड म्हणतात. तुताऱ्या, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे ताफे, जोडीला पियानो, डबल बास आणि ढोल, असा हा सरंजाम. दुसऱ्या महायुद्धानंतर इतक्या माणसांचा पगार परवडेना आणि लोकांची आवडही पालटली. एकामागून एक मेळ मोडले. ड्यूक एलिंग्टनने मात्र स्वतःच्या जुन्या रचनांचे उत्पन्न ओतून आपला मेळ उभा ठेवला. १९५६ साली त्याचे वय सत्तावन होते, आणि त्याचा काळ सरला असे जाणकार उघड म्हणू लागले होते.

त्या वर्षी ७ जुलैच्या रात्री न्यूपोर्टच्या महोत्सवात त्याने १९३७ सालची आपली एक दोन भागांची रचना वाजवण्यास घेतली. दोन भागांच्या मधली जागा पॉल गोन्साल्विस या सॅक्सोफोनवादकाने एकट्याने भरावयाची होती. त्याने बारा-बारा मात्रागटांची सत्तावीस आवर्तने घेतली. वृंदनायक त्याला मोठ्याने प्रोत्साहन देत होता, श्रोते खुर्च्या सोडून नाचू लागले आणि व्यवस्थापकांना दंग्याची धास्ती पडली. पुढच्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन झळकला. त्या मैफलीची कोलंबिया कंपनीची तबकडी त्याच्या आयुष्यातील सर्वांत खपाची ठरली.

आता तिच्या शुद्ध प्रतीची गोष्ट. महोत्सवासाठी मुद्दाम बांधलेली नवी रचना त्या रात्री पुरेशा तालमीअभावी डळमळली होती. म्हणून ९ जुलैस न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहात तिचा बराच भाग पुन्हा वाजवून घेतला गेला आणि त्यावर टाळ्यांचा कडकडाट वरून चढवला गेला. गोन्साल्विसची तर आणखीच पंचाईत झाली होती. तो चुकून व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या नभोवाणीसाठी ठेवलेल्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला, त्यामुळे ज्या वादनाने इतिहास घडवला तेच कंपनीच्या फितीवर दुरून आल्यासारखे उमटले. पुढे नभोवाणीची मूळ फीत सापडली, कंपनीच्या फितीशी तिचा मेळ घातला गेला आणि १९९९ साली ती रात्र जशी घडली तशी ऐकावयास मिळाली. एलिंग्टन १९७४ सालीच वारला होता.

वैद्य आणि कोलंबिया कंपनी यांस लबाड ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. वैद्यांनी फेरफार केले नसते तर त्या अमदानीत पुस्तक निघाले असते की नाही, कोण जाणे. कलावंतासही आपली चूक कायमची कोरली जाऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या कचेरीत सभेचे इतिवृत्त लिहिताना आपण तरी दुसरे काय करतो?

गोन्साल्विस हे नाव ऐकून गोमंतकाची आठवण व्हावी. वस्तुतः त्याचे घराणे केप व्हर्दे बेटांकडचे. परंतु खरेखुरे गोमंतकीय वादकही त्या काळी मुंबईत जॅझ वाजवत होते. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ताजमहाल हॉटेल गाजवीत असे. सी. रामचंद्रांच्या साथीस तो होता. १९५१ च्या ‘अलबेला’त आपल्या मेळासह पडद्यावरही दिसतो. चित्रपटाच्या तबकड्यांवर गायक आणि संगीतकार यांची नावे येत, तुतारी फुंकणाऱ्याचे येत नसे. हॉटेलातील त्या रात्री रात्रींबरोबरच सरल्या. १९६७ साली चिक चॉकलेट वारला, तेव्हा न्यूपोर्टसारखी दुरुस्त केलेली का होईना, पण मैफलीची तबकडी त्याच्या वाट्यास आली नव्हती.

म्हणून परप्रांतातील आपल्या मंडळांनी एवढे ध्यानात घ्यावे. गणेशोत्सवातील गाणे, नाटक, कीर्तन आपण ध्वनिमुद्रित करतो. पुढे स्मरणिकेसाठी त्यातील खोकला, फसलेली तान, विसरलेले वाक्य काढून टाकतो. ते अवश्य काढावे. परंतु काटछाट करण्यापूर्वी मूळ मुद्रण तारीख-वार आणि साथीदारांच्या नावांसह वेगळे जपून ठेवावे. पोतदारांस गोडशांचे अक्षर पाहावयास मिळाले, ते कुणीतरी कागद जपले म्हणूनच.