डॅशबोर्डवरचे काटे : जुन्या मोटारींच्या मीटर-पॅनेलचा इतिहास

मोटारगाडी रस्त्यावर आली तेव्हा तिच्या डॅशबोर्डवर मीटर नव्हते. घोडागाडीत टापांचा चिखल अंगावर उडू नये म्हणून पुढे उभी फळी लावत, तीच मोटारीत आली. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत या फळीवर इंजिनाला थेंबथेंब तेल सोडणाऱ्या काचेच्या नळ्या बसवलेल्या असत. बाकीची खबर चालकाला आवाजावरून, वासावरून आणि स्पर्शावरून घ्यावी लागे. 1908 ते 1927 या काळात दीड कोटीच्या वर तयार झालेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पेट्रोलचा काटा नव्हता. बहुतेक वर्षे टाकी पुढच्या सीटखाली होती. सीट उचलायची, झाकण काढायचे आणि लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल मोजायचे, अशी रीत होती. तेलाची पातळी पाहायची तर गाडीखाली वाकून फ्लायव्हीलच्या आवरणाच्या दोन तोट्या उघडाव्या लागत. वरच्या तोटीतून तेल आले तर ते भरपूर, खालच्या तोटीतूनही आले नाही तर गाडी चालवणे धोक्याचे.

सर्वांत आधी गरज भासली ती वेग मोजण्याची. ब्रिटनमध्ये 1903 च्या मोटार कार कायद्याने ताशी 20 मैलांची मर्यादा घातली आणि आपला वेग किती, हे सांगणारे साधन चालकाला हवेसे झाले. त्याच सुमारास, 1902 मध्ये, स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्त्से यांनी ज्या स्पीडोमीटरचे पेटंट घेतले त्याची रचना पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभर टिकली. गिअरबॉक्सपासून किंवा चाकापासून निघालेली लवचिक केबल मीटरच्या आतले लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची हलकी वाटी असते. दोन्हींचा एकमेकांना स्पर्श होत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी विद्युतप्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. घड्याळातल्यासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जिथे तोल साधतो तिथे काटा थांबतो. केबलला गरजेपेक्षा जास्त वंगण लावले तर ते केबलवरून वर चढून या वाटीपर्यंत पोहोचते आणि काटा थरथरू लागतो. जुन्या गाड्यांतला हा दोष आजही नेहमी आढळतो.

वेगमापकांचा व्यवसाय घड्याळे आणि अचूक यंत्रे बनवणाऱ्यांच्या हाती गेला. लंडनची एस. स्मिथ अँड सन्स ही मुळात घड्याळजींची पेढी. ती पुढे ब्रिटिश मोटारींची प्रमुख मीटर-उत्पादक झाली. अमेरिकेत स्ट्युअर्ट आणि वॉर्नर या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या 1912 मध्ये एकत्र येऊन शिकागोची स्ट्युअर्ट-वॉर्नर उभी राहिली. जर्मनीत 1920 च्या दशकाच्या शेवटी दोन वेगमापक कंपन्यांच्या विलीनीकरणातून व्हीडीओ जन्माला आली. इटालियन गाड्यांवर वेल्या बोर्लेत्ती हे नाव दिसू लागले.

वेगाखालोखाल इंजिनाच्या प्रकृतीकडे लक्ष गेले. तेलाचा दाब मोजण्याचे तंत्र तयारच होते: फ्रान्सच्या युजेन बूर्दों यांनी 1849 मध्ये वाफेच्या यंत्रांसाठी शोधलेली वाकडी पोकळ नळी. आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा हलतो. पाण्याचे तापमान दाखवण्यासाठी हॅरिसन बॉइस यांनी 1910 च्या दशकात रेडिएटरच्या झाकणावरच तापमापक बसवला; चालकाला तो बॉनेटच्या पलीकडून दिसे. पुढे सीलबंद बारीक नळीने हे तापमान डॅशबोर्डवर आणता आले. 1927 अखेरीस आलेल्या फोर्ड मॉडेल एमध्ये पेट्रोल, वेग आणि विद्युतप्रवाह यांचे मीटर एकाच धातूच्या पॅनेलवर बसवले होते. मीटरांचा असा एकत्र संच स्वस्त गाडीतही मिळू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले.

दुसऱ्या टोकाला 1928 ची ड्यूसनबर्ग मॉडेल जे होती. तिच्यात ताशी 150 मैलांपर्यंतचा स्पीडोमीटर, इंजिनाचे फेरे मोजणारा टॅकोमीटर, स्टॉपवॉच, उंचीमापक आणि ब्रेकच्या दाबाचा मीटर होता. ठरावीक अंतर कापले की तेल बदलण्याची आणि बॅटरीतले पाणी पाहण्याची आठवण करून देणारे दिवेही होते.

काही वर्षांतच उलटा प्रवाह सुरू झाला. 1930 च्या दशकात हडसन कंपनीने तेलाच्या दाबाच्या आणि अ‍ॅम्पिअरच्या मीटरऐवजी धोक्याचे लाल दिवे दिले, आणि पुढे बहुतेक कारखान्यांनी तोच मार्ग धरला. दिवा स्वस्त पडतो आणि सामान्य चालकाला समजायला सोपा असतो. पण दाब हळूहळू उतरत चालला आहे, हे काटा आधीच दाखवतो. दिवा लागतो तो दाब धोक्याच्या पातळीखाली गेल्यावर. ज्यांना आपल्या इंजिनाकडून कारखान्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त काम करून घ्यायचे होते त्यांना दिव्यावर भागण्यासारखे नव्हते. मालकाने स्वतः मीटर निवडून बसवण्याची परंपरा या गरजेतून वाढली.

तिची मुख्य भूमी दक्षिण कॅलिफोर्निया. म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर तरुण जुन्या फोर्ड गाड्या पळवत. त्यांच्या शर्यतींचे नियमन करण्यासाठी 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. 1932 च्या फोर्डच्या डॅशबोर्डवर मीटरांचे अंडाकृती पॅनेल वेगळे बसवलेले असे. ते काढून तिथे स्ट्युअर्ट-वॉर्नरचे गोल मीटर लावणे किंवा भंगारात गेलेल्या ऑबर्न गाडीचे चकाकत्या खवल्यांच्या नक्षीचे पॅनेल कापून बसवणे, ही अशा फेरफार केलेल्या गाड्यांच्या, म्हणजे हॉट रॉडच्या, शौकिनांची आवडती कामे होती. 1948 च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक सुरू झाले आणि ही शैली देशभर पसरली. पुढच्या दोन दशकांत शिकागोच्या सन कंपनीचा मोठा टॅकोमीटर स्टिअरिंगच्या दांड्यावर पट्ट्याने आवळलेला दिसू लागला.

1970 च्या दशकाअखेर गाड्यांतले मूळ मीटर आणखी बदलले. 1976 च्या अ‍ॅस्टन मार्टिन लगोंडाने काटे टाकून चमकते आकडे आणले. अमेरिकेत 1979 पासून काही काळ स्पीडोमीटरवर ताशी 85 मैलांच्या पुढचे आकडे छापायला बंदी होती. त्याच सुमारास जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांच्यासाठी मीटर बनवणारे नवे कारखाने निघाले. मिशिगनची क्लासिक इन्स्ट्रुमेंट्स जुन्या वळणाच्या तबकडीमागे आधुनिक यंत्रणा बसवू लागली. साउथ डकोटाची डकोटा डिजिटल अमुक गाडीच्या अमुक साच्यात चपखल बसणारे संपूर्ण संच देऊ लागली.

असे पॅनेल बसवण्याचे काम क्रमाने चालते. आधी मूळ पॅनेलचा पुठ्ठ्यावर छाप घेतात आणि स्टिअरिंगच्या चाकाआड कोणता मीटर झाकला जाईल, ते सीटवर बसून पाहतात. लहान मीटरांचा प्रचलित व्यास 52 मिलिमीटर. त्या मापाच्या गोल करवतीने अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला किंवा लाकडी फळीला भोके पाडतात. जुन्या गाड्यांत अ‍ॅम्पिअर मीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह वाहतो. डायनॅमो काढून मोठा अल्टरनेटर बसवला असेल तर या मीटरच्या तारा तापून पेट घेऊ शकतात, म्हणून तिथे व्होल्टमीटर लावणे पसंत करतात. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. तिथे ऋण टोक बॉडीला जोडलेल्या गाड्यांसाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक मीटर तसाच जोडला तर तो जळू शकतो.

सर्वांत जास्त घोटाळा पेट्रोलच्या मीटरमध्ये होतो. टाकीतला तरंगता फ्लोट वर-खाली झाला की त्याला जोडलेल्या ‘सेंडर’ या भागाचा विद्युतरोध बदलतो आणि त्यानुसार काटा हलतो. पण प्रत्येक उत्पादकाचे रोध वेगळे. जनरल मोटर्सच्या जुन्या सेंडरचा रोध रिकाम्या टाकीला 0 आणि भरलेल्या टाकीला 90 ओहम असतो. स्ट्युअर्ट-वॉर्नरच्या मीटरला मात्र रिकाम्या टाकीला 240 आणि भरलेल्या टाकीला 33 ओहम अपेक्षित असतात. हे दोन एकमेकांना जोडले तर भरलेली टाकी अर्ध्याच्या आसपास दिसते आणि पेट्रोल संपत जाईल तसा काटा ‘पूर्ण’कडे सरकतो. म्हणून मीटर आणि सेंडर जोडीने घेणे, हा या कामातला पहिला नियम मानतात.

केबलवर चालणारा स्पीडोमीटर टायरचे माप आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर यांच्याशी बांधलेला असतो. एका मैलात केबलचे किती फेरे व्हावेत, तो आकडा स्मिथच्या तबकडीवर बारीक अक्षरात छापलेला असतो. तबकडीवर 1000 असेल आणि गाडीत प्रत्यक्षात 1250 फेरे होत असतील, तर ताशी 40 मैलांच्या वेगाला काटा 50 दाखवतो. तपासणीसाठी केबल मीटरपासून सोडवून गाडी मैलाच्या शंभराव्या भागाइतकी, म्हणजे सुमारे 16 मीटर, ढकलतात, केबलचे फेरे मोजतात आणि त्याला 100 ने गुणतात. फरक निघाला तर केबलच्या वाटेत छोटी गिअर-पेटी बसवतात किंवा मीटर नव्याने जुळवून घेतात.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा धागा मुंबईतून जोडला जातो. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात आधी क्रायस्लर समूहाच्या आणि पुढे फियाटच्या गाड्या तयार केल्या. 1956 च्या वजन-माप कायद्यानंतर देश मैलांवरून किलोमीटरवर आला, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांच्या तबकड्यांवर मैल आणि रस्त्यावरच्या दगडांवर किलोमीटर अशी स्थिती झाली. जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्यांना हा प्रश्न आजही सोडवावा लागतो: काही जण तबकडी नव्याने छापून घेतात, काही जण मूळ आकडे जपतात. जुन्या सुट्या भागांसाठी मुंबईचा चोर बाजार त्यांच्या परिचयाचा आहे.

मूळ मीटर बदलताना गाडीच्या धावेची नोंदही जाते. ही फसवणुकीची वाट होऊ नये म्हणून अमेरिकेच्या 1972 च्या कायद्याने धावेचे आकडे फिरवण्यास मनाई केली. नव्या मीटरवर जुना आकडा आणता येत नसेल तर तो शून्यावर ठेवून जुना आकडा आणि बदलाची तारीख डाव्या दाराच्या चौकटीवर लिहून लावावी, असा नियम आहे. जाणकार त्यापुढेही जातात: मूळ डॅशबोर्ड न कापता नवे मीटर वेगळ्या पॅनेलवर बसवतात, जुना संच तारांच्या नकाशासह जपून ठेवतात आणि गाडी विकताना तो पुढच्या मालकाच्या स्वाधीन करतात. त्यामुळे आजच्या चालकाला इंजिनाची खरी खबर मिळते आणि गाडी पूर्ववत करण्याची सोय पुढच्या मालकाकडे राहते.