इंदूरचे अधिकारी आणि मलबार हिलवरचा खून

मागच्या शनिवारी साताऱ्याहून सांगलीला एसटीने गेलो. कराड, पेठ नाका, मग सांगली. वाटेत एक गोष्ट डोक्यात आली. १९२५ साली मी हाच प्रवास केला असता, तर 'परदेशात' पोचलो असतो. सातारा १८४८ पासून इंग्रजांचा जिल्हा, आणि सांगली पटवर्धनांचं संस्थान. औंध, फलटण, मिरज, जत ही वेगळीच. मग इकडे गुन्हा करून तिकडे पळालं तर?

त्यासाठी १९०३ चा प्रत्यर्पण कायदा होता. संस्थानात गुन्हा करून कुणी इंग्रजी मुलखात आला, तर पोलिटिकल एजंट वॉरंट काढायचा आणि आरोपी परत जायचा. पण कलम ७ नीट वाचा: आरोपी 'युरोपियन ब्रिटिश प्रजाजन' असेल तर हे लागूच नाही! म्हणजे गोऱ्या साहेबाला संस्थानच्या कोर्टात उभं करायची सोय नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर परमिशन एकाच बाजूने दिलेली.

आता उलटी बाजू बघा. गुन्हा इंग्रजी मुलखात, आणि आरोपी संस्थानचे अधिकारीच.

१२ जानेवारी १९२५, संध्याकाळची वेळ. मुंबईत मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांची गाडी अडवली गेली. सोबत मुमताज बेगम होती. ती इंदूरच्या होळकरांच्या दरबारातून निसटून आलेली. हल्लेखोरांना तिला पळवून न्यायचं होतं. बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तिथे आले, आणि एकाने चक्क गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना झोडपलं. ते आले नसते तर मुमताज त्या रात्री इंदूरच्या वाटेवर असती, आणि आपल्यापर्यंत ही गोष्ट आलीच नसती.

काही जण जागेवरच सापडले. बाकीच्यांसाठी मुंबई पोलीस इंदूरला पोचले. आरोपी कोण? इंदूरच्या घोडेस्वार पोलिसातला रिसालदार शफी अहमद. आणि सरदार आनंदराव फणसे, होळकरांच्या फौजेचे अ‍ॅडज्युटंट जनरल! एवढा मोठा माणूस संस्थानने हवाली केला, कारण 'नाही' म्हणायची ताकदच नव्हती. गव्हर्नर जनरलचा एजंट इंदूरमध्येच रेसिडेन्सीत बसलेला होता.

खटला मुंबई हायकोर्टात न्या. क्रम्प यांच्यापुढे चालला. फणसेंच्या बाजूने उभे होते बॅरिस्टर जिना, हो, तेच. फणसेंची फाशी टळली. तिघांना फाशीची शिक्षा झाली.

पण हुकूम कुणाचा, हा प्रश्न राहिला. हल्ल्याचं मूळ इंदूरमध्ये आहे, असं कोर्टानेच म्हटलं होतं. तरी महाराजा तुकोजीराव (तिसरे) यांना कोर्टात खेचता येत नव्हतं, राजावर खटला कसा चालवणार? म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी दोन पर्याय ठेवले: चौकशी आयोगापुढे या, नाहीतर गादी सोडा.

मला इथे दोन्हीकडचं खटकतं. इंग्रजांनी स्वतःच्या माणसासाठी असा आयोग नेमला असता का? आणि तरीही, आयोग बसला असता तर मुमताजला सगळं बोलता आलं असतं.

फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली. मुलगा यशवंतराव गादीवर बसला. चौकशी झालीच नाही.