ओझ्यासह आडवाटेचा सायकल प्रवास : ट्यूबलेस टायरची निवड कशी करावी?

साखळी, केरीमार्गे चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटीकडे जाणारा रस्ता गोव्यातील सायकलस्वारांच्या परिचयाचा आहे. या डांबरी रस्त्याच्या आजूबाजूला लाल मातीच्या वाटा, उघडे सडे आणि घाटमाथ्यावरील गाडीवाटा यांचे मोठे जाळे आहे. तंबू, शिधा आणि पाणी सायकलवर लादून अशा वाटांवर दोन-चार दिवस घालवायचे असतील, तर सर्वाधिक कसोटी लागते ती टायरची. शहरात फुटलेला टायर अर्ध्या तासाची गैरसोय करतो. वस्तीपासून दूर, मोबाइलला नेटवर्क नसलेल्या ठिकाणी टायर बाजूने फाटला, तर ओझ्याची सायकल ढकलत गाव गाठावे लागते आणि सोबतचे पाणी तोवर पुरेलच याची खात्री नसते. म्हणूनच अशा प्रवासासाठी टायर घेताना आधी त्याच्या अंगाची मजबुती आणि रुंदी पाहावी. नक्षीचा विचार त्यानंतर करावा.

ट्यूबलेस म्हणजे काय?

ट्यूबलेस रचनेत टायर आणि रिम मिळूनच हवाबंद पोकळी तयार होते. रिमच्या आतील आऱ्यांची छिद्रे विशेष चिकटपट्टीने बंद करतात, रिमला स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवतात आणि आत लॅटेक्सयुक्त द्रव, म्हणजे सीलंट, ओततात. काटा रुतला की हवेबरोबर सीलंट छिद्राकडे धावते, तेथे साकळते आणि छिद्र बुजते. माउंटन बाइकसाठी ही पद्धत 1999 मध्ये ‘मॅव्हिक’ या फ्रेंच कंपनीच्या यूएसटी प्रणालीने प्रचारात आली. आज बाजारात मिळणारे बहुतेक टायर ‘ट्यूबलेस रेडी’ प्रकारचे, म्हणजे सीलंटच्या साहाय्यानेच हवाबंद होणारे असतात. टायर आणि रिम दोहोंवर तसा निर्देश आहे का, हे पाहून घ्यावे. स्वस्त सायकलींच्या रिमा बहुधा या कामाच्या नसतात. त्यांवर चिकटपट्टीचे प्रयोग करून ओझ्याच्या प्रवासाला निघणे धोक्याचे ठरते.

घाटाच्या वर, बेळगावच्या बाजूच्या माळरानांवर, या पद्धतीचे महत्त्व विशेष जाणवते. उन्हाळ्यात वाळलेले सराटे म्हणजेच गोखरू, बाभळीचे आणि बोरीचे काटे एकाच दिवसात चाकाला अनेक छिद्रे पाडू शकतात. ट्यूब असलेल्या चाकाला तितक्या वेळा थांबावे लागते, तर ट्यूबलेस चाकात ही छिद्रे बहुतेक वेळा लक्षातही येत नाहीत.

ओझ्याने काय बदलते?

उदाहरणादाखल 70 किलोचा स्वार, 14 किलोची सायकल आणि 16 किलोचे सामान, असे 100 किलो वजन धरू. त्यातील सुमारे 60 किलो मागच्या चाकावर येते. मागे कॅरिअर आणि थैल्या असतील तर त्याहूनही अधिक. रिकाम्या सायकलवर स्वार दगड दिसताच अंग उचलून चाक हलके करतो. सामानाला तसे करता येत नाही, त्यामुळे प्रत्येक धक्का पूर्ण वजनानिशी टायरवर बसतो.

यातून दोन प्रकारची इजा संभवते. पहिली, टायर दगड आणि रिम यांच्यामध्ये चिरडून कापला जाणे. दुसरी, जांभ्याची धारदार कड किंवा तोडलेल्या बांबूचा खुंट बाजूला घासून साइडवॉल चिरणे. काट्याचे छिद्र सीलंट बुजवते. पण बोटभर चिरेपुढे त्याचा उपाय चालत नाही. प्रवास अर्धवट सोडावा लागतो, तो बहुधा या दुसऱ्या प्रकारामुळे.

साइडवॉल आणि थर

टायरचे अंग रबरात बुडवलेल्या नायलॉन धाग्यांच्या थरांनी बनते. एका इंचात किती धागे आहेत, हे टीपीआय या आकड्याने सांगतात. 120 टीपीआयचा टायर बारीक धाग्याचा, हलका आणि लवचीक असतो; 60 टीपीआयचा टायर जाड धाग्याचा, थोडा जड आणि ओरखड्यांना अधिक दाद न देणारा असतो. मात्र केवळ या आकड्यावर विसंबू नये, कारण काही कंपन्या सर्व थरांची बेरीज करून आकडा देतात. साइडवॉलमध्ये कापविरोधी जादा थर आहे का, हे विचारणे अधिक उपयुक्त. ‘मॅक्सिस’च्या टायरांत एक्सो, एक्सो प्लस आणि डबलडाऊन, तर ‘श्वाल्बे’च्या टायरांत सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल आणि सुपर ग्रॅव्हिटी अशा चढत्या मजबुतीच्या श्रेणी आढळतात.

29 इंची आणि सुमारे 2.35 इंच रुंद टायरमध्ये शर्यतीचा हलका प्रकार 700 ते 800 ग्रॅमचा, मधला 900 ते 1,000 ग्रॅमचा आणि दुहेरी थरांचा 1,100 ग्रॅमहून जड असतो. लाल मातीच्या रुळलेल्या रस्त्यांसाठी मधली श्रेणी पुरेशी आहे. सडे, ओढ्यांचे पात्र आणि दगडी उतार असतील, तर निदान मागच्या चाकाला त्याहून वरची श्रेणी घ्यावी. वाचवलेल्या 200 ग्रॅमपेक्षा टायर शाबूत राहणे केव्हाही मोलाचे.

परदेशी प्रवासवर्णने वाचून टायर निवडणाऱ्यांनी येथे सावध राहावे. कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सुमारे 4,400 किलोमीटर चालणाऱ्या टूर डिव्हाइड या स्पर्धेत 2.2 ते 2.4 इंचांचे, कमी उंचवट्यांचे वेगवान टायर लोकप्रिय आहेत. परंतु तो मार्ग मुख्यत्वे खडीच्या आणि वनरस्त्यांचा आहे. तेथे हजारो किलोमीटर टिकलेली पातळ साइडवॉल सह्याद्रीतील दगडांवर टिकेलच असे नाही.

मोजमाप आणि रुंदी

टायरवरील ‘29 × 2.35’ या आकड्याशेजारी ‘60-622’ असा दुसरा आकडा असतो. त्यातील 60 ही मिलिमीटरमधील रुंदी आणि 622 हा रिमवर टायर बसतो तेथील व्यास. खरेदी करताना हा दुसरा आकडाच प्रमाण मानावा. 27.5 इंची चाकासाठी तो 584 आणि 26 इंचीसाठी 559 असतो. गावातील दुकानात मिळणारा साध्या काळ्या सायकलचा 28 × 1½ टायर 635 व्यासाचा असतो. तो 29 इंची रिमवर बसत नाही. म्हणजे वाटेत नवा टायर मिळेल, या आशेवर निघणे योग्य नाही.

ओझ्यासाठी 2.25 ते 2.4 इंच ही रुंदी बहुतेक सायकलींना मानवते. रुंद टायरमध्ये हवेचे आकारमान मोठे असल्याने कमी दाबातही रिम दगडावर आपटत नाही आणि हातांना, सामानाला बसणारे हादरे कमी होतात. त्यासाठी रिमची आतील रुंदी 25 ते 30 मिलिमीटर असावी. टायर आणि सायकलच्या सांगाड्यात दोन्ही बाजूंनी किमान 6 मिलिमीटर मोकळी जागा हवी. चिखलाच्या दिवसांत त्याहून अधिक.

नक्षी : माती पाहून

कोरड्या जांभ्या मातीत घट्ट पृष्ठभागावर सुटे खडे पसरलेले असतात. तेथे मध्यभागी आखूड व दाट आणि कडांना ठळक उंचवटे असलेला टायर उत्तम. तो सरळ वाटेवर सुरळीत धावतो आणि वळणावर पकड देतो. पावसाळी चिखलात उंचवटे विरळ असावे लागतात, म्हणजे माती त्यांत न अडकता झडून जाते. घाटापलीकडे बेळगावच्या पूर्वेस लागणारी काळी माती ओली असताना मात्र कोणताच टायर उपयोगी पडत नाही. ती चाकाला थरांवर थर चिकटून चाक जाम करते. अशा वेळी शेतवाट सोडून पक्का रस्ता धरणेच शहाणपणाचे. शेवाळलेल्या जांभ्यावरही उंचवट्यांचा भरवसा नसतो. तेथे मऊ रबर थोडेफार साह्य करते. बाकी काम सावकाश गतीनेच होते.

दोन्ही चाकांना एकच टायर लावण्याचे बंधन नाही. पुढचे चाक घसरले तर स्वार पडतो, म्हणून पुढे अधिक पकडीचा टायर. मागे वजन आणि झीज अधिक, म्हणून तेथे दणकट आणि कमी उंचवट्यांचा टायर, ही जोडी बहुतेकांना सोयीची ठरते.

हवेचा दाब

वर सांगितलेल्या 100 किलोच्या उदाहरणात 2.35 इंची टायरसाठी पुढे 21 ते 22 आणि मागे 24 ते 26 पीएसआय येथून प्रारंभ करावा. सामान नसताना असतो त्यापेक्षा हा दाब मागे साधारण तीन-चार पीएसआयने अधिक आहे. दगडावर रिम आपटल्याचा आवाज आला, किंवा वळणावर टायर बाजूला लोळतो असे वाटले, तर दोन पीएसआय वाढवावे. चाक खड्यांवर उड्या घेत असेल, तर एक-एकने उतरवावे. टायर आणि रिम यांवर छापलेल्या कमाल दाबांपैकी जो कमी असेल, तो कधीही ओलांडू नये. बोटाने दाबून घेतलेला अंदाज एवढ्या कमी दाबात फसवा असतो. लहान डिजिटल मापक सोबत ठेवावा.

उंचीचाही थोडा परिणाम होतो. समुद्रसपाटीवर भरलेल्या टायरचा दाब बेळगावच्या उंचीवर सुमारे एक पीएसआयने जास्त दिसतो. ही बाब दुर्लक्षिता येते. लेहच्या सुमारे 3,500 मीटर उंचीवर मात्र हा फरक पाच पीएसआयपर्यंत जातो आणि तेथे दाब पुन्हा जुळवावा लागतो.

सीलंट आणि दुरुस्तीचे साहित्य

या मापाच्या टायरमध्ये ओझ्याच्या प्रवासासाठी प्रत्येकी 100 ते 120 मिलिलिटर सीलंट घालावे. उष्ण हवेत ते लवकर सुकते. दर दोन-तीन महिन्यांनी तपासणे आणि निघण्यापूर्वी भर घालणे आवश्यक. लॅटेक्सचे काही प्रकार कार्बन डायऑक्साइडच्या काडतुसाने हवा भरल्यास साकळतात, म्हणून हातपंपच बरा.

सोबत पुढील वस्तू असाव्यात :

• रबरी पट्ट्या आणि त्या खुपसण्याची सुई. सायकलसाठीच्याच घ्याव्यात, मोटारसायकलच्या जाड पट्ट्यांसाठी भोक विनाकारण मोठे करावे लागते.
• 60 मिलिलिटर सीलंट, व्हॉल्व्हचा जादा गाभा आणि तो काढण्याची चावी.
• जाड सुई, मजबूत नायलॉन दोरा आणि आतून लावायचे ठिगळ. चिरलेली साइडवॉल शिवून, आत ठिगळ आणि मग ट्यूब घातली, की गाव गाठता येते.
• एक ट्यूब. 29 इंची मिळाली नाही, तर 26 इंची ट्यूबही ताणून तात्पुरती चालते.
• पितळी व्हॉल्व्ह अडॅप्टर. सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्याशिवाय बसत नाही. आणि रिमवरून निसटलेला टायर पुन्हा बसवण्यासाठी लागणारा हवेचा झोत बहुधा तेथेच मिळतो.

ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतील बाजूवरून जपून हात फिरवावा. सीलंटने बुजवलेले अनेक काटे आत टोके काढून बसलेले असतात. ते न काढता घातलेली ट्यूब पहिल्या काही मिनिटांतच फुटते आणि शेवटचा उपायही हातचा जातो.

निघण्यापूर्वी

नवा टायर प्रवासाच्या आदल्या रात्री चढवू नये. दोन आठवडे आधी बसवून, पूर्ण सामान लादून एक दिवस खडबडीत वाटेवर चालवावा. रात्रभरात दाब किती उतरतो, साइडवॉलमधून सीलंट पाझरते का, ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतो का, हे तपासावे. नक्षीच्या मध्यभागी झिजलेला किंवा बाजूला बारीक भेगा पडलेला जुना टायर घरच्या फेरफटक्यासाठी ठेवावा. मार्ग अभयारण्याच्या हद्दीतून जात असेल, तर वनखात्याची परवानगी आधीच घ्यावी आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी.

दुकानात गेल्यावर प्रश्नांचा क्रम असा असावा : आपल्या रिमचा व्यास व रुंदी कोणती, सांगाड्यात जागा किती, वाटेवर दगड किती, सामानाचे वजन किती, आणि मग माती कोणती. या क्रमाने निवडलेला टायर कदाचित सर्वांत हलका नसेल. पण भर रानात तो दगा देण्याची शक्यता सर्वांत कमी असेल.