१८१८ ते १९४१ : मधली एकशे तेवीस वर्षे

वर्षावासातील एका रविवारी मेढ्याला जाण्याचा योग आला. जावळी तालुक्याचे हे ठाणे वेण्णा नदीच्या काठी, साताऱ्याहून महाबळेश्वरच्या डोंगरांकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. प्रवचन संपल्यावर एक वयोवृद्ध निवृत्त हवालदार उठून उभे राहिले. त्यांचा प्रश्न धम्माविषयी नव्हता. ते म्हणाले, “सर, कोरेगावची लढाई १८१८ ची आणि आमची महार रेजिमेंट १९४१ ची. मग मधली सव्वाशे वर्षं आमची माणसं होती कुठं?” सभेत त्यांना जे उत्तर दिले ते अपुरे होते. त्याची भरपाई म्हणून हा लेख.

पलटणींचे इतिहास सामान्यतः लढायांच्या क्रमाने लिहिले जातात. महार सैनिकांचा इतिहास त्या पद्धतीने लिहू गेल्यास हाती फारसे लागत नाही. पलटणीचे दार कधी उघडले आणि कधी बंद झाले, या क्रमाने तो लिहावा लागतो.

प्रथम कोरेगावविषयी, कारण या विषयात आपल्याकडूनही अतिशयोक्ती होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली शिरूरहून निघालेल्या तुकडीत मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती. तिचे सुमारे पाचशे शिपाई, अडीचशेवर घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा एवढे ते बळ होते. पेशव्याची फौज वीस हजारांहून अधिक असल्याचे सांगितले जाते. परंतु ती सर्वच लढाईत उतरली नव्हती. गावात शिरून लढल्या त्या प्रामुख्याने अरब, गोसावी आणि कवायती पायदळाच्या तुकड्या. इकडे पाचशेही सगळे महार नव्हते. मराठे, राजपूत, मुसलमान, ज्यू असे सर्व होते. तरीही स्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. दिवसभर पाण्याविना लढलेल्या त्या माणसांचे मोल दाखविण्यास एवढे सत्य पुरेसे आहे, त्याला फुगविण्याची गरज नाही.

महार शिपाई कंपनीच्या फौजेतच प्रथम दिसतो असेही नाही. मराठ्यांच्या किल्ल्यांच्या पायथ्याशी असणाऱ्या मेटांवर महार, रामोशी, बेरड यांचा पहारा असे. मिरजेजवळच्या कळंबी येथील शिदनाक महार परशुरामभाऊ पटवर्धनांबरोबर १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत होता. तळावर त्याचा तंबू इतरांच्या शेजारी नको, अशी तक्रार झाली असता, ही जेवणाची पंगत नसून रणांगण आहे, असे उत्तर मिळाले, अशी परंपरा आहे. ही कथा अभिमानाने सांगितली जाते. तिची दुसरी बाजूही पाहावी. रणांगणावर जे चालले ते पंगतीत चालणार नव्हते, हे त्या उत्तरातच मान्य केलेले आहे.

कंपनीच्या मुंबई फौजेत मात्र पंगतीबाहेरचेही काही मिळाले. बढती होती, निवृत्तिवेतन होते आणि छावणीत सैनिकांच्या मुलामुलींसाठी शाळा होती. महारांना सुभेदार होता येत असे. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सैन्यात होते, वडील रामजी सुभेदार होते आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापकही होते. आई भीमाबाई सुभेदार मेजरची कन्या. गावगाड्यात ज्याला चावडीसमोर जोहार करावा लागे, त्याच्या घरात पुस्तके आली ती या वाटेने. बंदुकीपेक्षा छावणीतील शाळेने आपल्या इतिहासाला अधिक वळण दिले, असे माझे मत आहे.

हे दार १८९२-९३ च्या सुमारास बंद झाले. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त बळावला, पलटणींची जातवार पुनर्रचना झाली आणि महारांची भरती थांबली. रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांच्या मदतीने सरकारकडे दाद मागितल्याचे चरित्रकार सांगतात. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्जाचा मसुदा तयार केला; त्यात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचे प्रतिपादन होते. ज्या वर्णकल्पनेने दार लावले तिचाच दाखला देऊन ते उघडण्याची विनंती करावी लागली, हे आज वाचताना क्लेश होतात. परंतु वलंगकरांना दोष देता येत नाही. सरकारने दुसरी भाषाच शिल्लक ठेवली नव्हती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे पाठविलेल्या अर्जात मोठी राजकीय पदे मागितली नाहीत. पोलिसात आणि सैन्यात साध्या शिपायाची जागा मागितली. तीही मिळाली नाही.

दार बंद होण्याचा अर्थ काय, हे सातारा जिल्ह्याने पाहिले आहे. निवृत्तीनंतर रामजींचे कुटुंब दापोलीहून साताऱ्यास आले. भीमाबाईंचे निधन येथेच झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्यानंतर रामजी नोकरीनिमित्त खटाव तालुक्यातील गोरेगावला असताना मुले त्यांना भेटायला निघाली. मसूर स्थानकावर उतरली तेव्हा त्यांचे कपडे स्वच्छ व नीटनेटके होते, जवळ पैसे होते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाले भाडे घेईनात. अखेर दुप्पट भाड्याने गाडी मिळाली, ती मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, या अटीवर. सुभेदाराची मुले छावणीच्या आवाराबाहेर पडली की महाराची मुले होत असत.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभारण्यात आली. युद्ध संपले, ७१ व्या पंजाबी पलटणीत तिचे विलीनीकरण झाले आणि १९२१ मध्ये तीही मोडण्यात आली. गरज सरली होती.

याहून विचित्र गोष्ट कोरेगावच्या सन्मानाची झाली. त्या लढाईतील पलटणीला पुढे ‘ग्रेनेडियर’ हे नाव मिळाले. ‘कोरेगाव’ हा युद्धसन्मान तिच्याकडे आणि पूना हॉर्सकडे गेला. भरती बंद झाल्यावर सन्मान पलटणीत राहिला, पण ज्यांच्या पूर्वजांची नावे स्तंभावर होती त्यांना त्या पलटणीत जागा उरली नाही. म्हणजे लष्करी वंशावळीच्या हिशेबाने १९४१ च्या रेजिमेंटचा कोरेगावशी काहीच संबंध नाही. कंपनीने तो स्तंभ आपल्या विजयासाठी उभारला होता. १ जानेवारी १९२७ रोजी कांबळे व सहकाऱ्यांच्या पुढाकाराने भरलेल्या सभेला बाबासाहेब तेथे आले, तेव्हापासून त्याचा अर्थ बदलू लागला. ज्यांच्या शौर्यावर राज्य मिळवले त्यांनाच अपात्र ठरविणाऱ्या सरकारविरुद्ध तो पुरावा ठरला.

जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, दुसरी कामठीला. टोपीवरील चिन्हात कोरेगावचा स्तंभ घेण्यात आला. जो सन्मान कागदोपत्री मिळणे शक्य नव्हते, तो कपाळावर धारण केला गेला. पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली. दुसऱ्या पलटणीने ब्रह्मदेशच्या मोहिमेत भाग घेतला. १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली, १९४७ मध्ये पंजाबात निर्वासितांच्या तांड्यांच्या रक्षणास होती, १९६० नंतरच्या दशकात पुन्हा पायदळ बनली. तिचे केंद्र सागर येथे आहे आणि आज तिच्यात सर्व समाजांचे जवान आहेत. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले, परमवीर चक्राने सन्मानित मेजर रामस्वामी परमेश्वरन् हे तिच्या आठव्या पलटणीचे. कृष्ण राव आणि सुंदरजी हे दोन सरसेनापती याच रेजिमेंटमधून आले.

बौद्धाने पलटणीचा अभिमान बाळगावा काय, असे तरुण विचारतात. पालि साहित्यात याविषयी स्पष्टता आहे. रणात मरणारा योद्धा स्वर्गाला जातो काय, या योधाजीवाच्या प्रश्नावर भगवंतांनी दोनदा उत्तर देण्याचे टाळले आणि आग्रह झाल्यावर नकारार्थी उत्तर दिले. राजसेवेतील सैनिकाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियमही महावग्गात आहे. परंतु उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे, सैनिकाची नोकरी नाही. आणि वैशालीच्या सीह सेनापतीला उपासक म्हणून स्वीकारताना त्याला पद सोडावयास सांगितले गेले नाही. ‘योधाजीव’ या शब्दातच उपजीविका आहे. वलंगकर आणि कांबळे भांडले ते संहारासाठी नव्हे, त्या उपजीविकेतून जातीच्या कारणाने काढून टाकल्याविरुद्ध.

मेढ्याच्या हवालदारांना यातील काही भाग त्या दिवशी सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, वडील १९४२ मध्ये बेळगावला भरती झाले, ते आजोबांचे ऐकून. आजोबा लढाईच्या साली गेले होते आणि चार वर्षांनी परत येऊन पुन्हा येसकराची काठी हाती घेतली. त्यांची पलटण कोणती, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हते. ‘एकशे अकरा’ एवढा आकडा मात्र सर्वांना पाठ होता.